दर तीन वर्षांनी बदली : मॅक्डोनल्ड पाळकांचं घर

निवांत दुपार

क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पपट्टी कधी मान वर करून पाहिली आहे का? मी चित्रकलेची शिक्षिका होते. शाळेतल्या मुलांना स्केचिंगला तिथे न्यायचे. मुलं आंब्याच्या पेट्या आणि पोपटांचे पिंजरे काढायची आणि मी त्यांना वर बघायला लावायचे. दगडात कोरलेली शेतातली साधी माणसं, कामात गढलेली. हे काम जॉन लॉकवुड किपलिंगचं. १८६५ साली तो सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवायला मुंबईला आला. मार्केट १८६९ मध्ये पुरं झालं. लेखक रुडयार्ड किपलिंगचा हा बाप, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

मला सांगायचं आहे ते त्याच्या बायकोच्या माहेराबद्दल. तिचं नाव ॲलिस. रेव्हरंड जॉर्ज ब्राउन मॅक्डोनल्ड या मेथडिस्ट पाळकाची ही लेक. गेली दोन वर्षं मी या घराबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि माझा जीव त्यात अडकलाय.

मेथडिस्ट म्हणजे जॉन वेस्ली याच्या मागे गेलेला पंथ. अठराव्या शतकात हा धर्मोपदेशक घोड्यावरून इंग्लंडभर फिरला. खाणकामगार, विणकर यांच्यापुढे उघड्या माळावर प्रवचनं केली. जॉर्जचे वडील जेम्स मॅक्डोनल्ड आयर्लंडचे. वेस्लीच्या हयातीतच ते उपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज, जन्म १८०५, तोही त्याच वाटेने गेला. पहिली बायको लवकर वारली. १८३३ मध्ये मँचेस्टरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलीशी, हॅना जोन्सशी, दुसरं लग्न झालं.

वेस्लीने एक नियम घालून दिला होता. पाळकाने एका जागी मुळं धरायची नाहीत. आजूबाजूच्या गावांतली प्रार्थनामंदिरं मिळून एक सर्किट व्हायचं, पाळकाने त्यात फिरायचं आणि फार तर तीन वर्षांनी दुसऱ्या सर्किटात जायचं. आपल्याकडे म्हणतात ना, साधू चलता भला. पण इथे साधूमागे संसार होता. राहायचं घर मंडळीचं, म्हणजे तिथल्या भाविकांच्या संघाचं, पलंग मंडळीचे, ताटवाट्यासुद्धा मंडळीच्या. आपले म्हणायचे ते कपडे, पुस्तकं आणि मुलं.

मुलं अकरा झाली. त्यांची जन्मगावं वाचताना नेमणुकांची यादीच वाचतोय असं वाटतं. ॲलिस शेफील्डला १८३७ मध्ये, जॉर्जियाना बर्मिंगहॅमला १८४०, लुइसा वेकफील्डला १८४५. अकरांतली चार दगावली. त्यातली कॅरोलाइन तर सोळाव्या वर्षाच्या आसपास, १८५४ मध्ये, क्षयाने गेली. हॅनाचं काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पोटात एक, कडेवर एक, दाराशी बांधून ठेवलेल्या पेट्या, आणि जिथे मुलाला पुरलं ते गाव तीन वर्षं झाली म्हणून सोडायचं.

आता या घरातल्या मुलींकडे बघा. ॲलिसचा मुलगा रुडयार्ड, ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. जॉर्जियानाचा नवरा चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स. ॲग्नेसचा नवरा एडवर्ड पॉइंटर, पुढे रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेचा अध्यक्ष. लुइसाचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन तीन वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झाला. म्हणजे किपलिंग आणि बाल्डविन सख्खे मावसभाऊ. धाकटी ईडिथ अविवाहित राहिली. तिने घराण्याचा इतिहास लिहून ठेवला. मोठा भाऊ हॅरी न्यू यॉर्कला गेला. फ्रेडरिक पाळक झाला आणि १८९९ मध्ये वेस्लियन कॉन्फरन्सचा, म्हणजे वेस्लीच्या पंथाच्या वार्षिक सभेचा, अध्यक्ष.

सगळे लिहितात ते नवऱ्यांवर आणि मुलांवर. मला वाटतं, या सगळ्याची पाळंमुळं त्या फिरत्या घरात आहेत. जमीनजुमला नाही, ओळखीपाळखी नाहीत, पण घरात पुस्तकं भरपूर आणि बोलणं त्याहून भरपूर. परक्या गावात, परक्या घरात, तीन वर्षांत माणसं आपली करून घ्यायची आणि पुन्हा सोडायची, हे ज्या मुली लहानपणी शिकल्या त्या पुढे कुठेही उभ्या राहिल्या. तुम्हाला काय वाटतं?

घाटमाथा

छान धागा. एक भर घालतो. रुडयार्डचे दोन्ही आजोबा मेथडिस्ट पाळक होते. लॉकवुडचे वडील जोसेफ किपलिंग हेही वेस्लियनच. लॉकवुडचा जन्म यॉर्कशायरमधल्या पिकरिंगचा आणि शिक्षण वुडहाउस ग्रोव्हला, म्हणजे पाळकांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेत. तेव्हा सोयरीक जुळली ती एकाच वळणाच्या दोन घरांत. नवरा-बायको दोघांनाही दर तीन वर्षांनी उठायची सवय. अशा माणसांना मुंबईची बोट फार लांबची वाटली नसावी. १८ मार्च १८६५ ला लग्न झालं आणि त्याच वसंतात दोघं मुंबईकडे निघाली.

टेम्सकाठी

मी बरीच वर्षं इंग्लंडात आहे, म्हणून राहवत नाही. स्टॅफर्डशायरमध्ये लीक गावाजवळ रुडयार्ड नावाचा तलाव आहे. नैसर्गिक नाही, कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. १८६३ मध्ये तिथे एका सहलीत लॉकवुड आणि ॲलिस भेटले. फ्रेडरिक तेव्हा जवळच बर्स्लेमला पाळक होता आणि लॉकवुड तिथल्या कुंभारकामाच्या कारखान्यांच्या मुलखात काम करत होता. ओळख फ्रेडरिकमुळे झाली. मुलाचं नाव त्या तलावावरून ठेवलं.

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे इथे बारमाही असतो तो पाऊस, मी आणि माझी मुलगी तलावाकाठी चालून आलो. लांबट, अरुंद पाणी, दोन्ही अंगाला दाट झाडी. आईबाप जिथे भेटले ते पाणी मुंबईत जन्मलेल्या पोराच्या नावात आलं, याचं माझ्या मुलीला फार अप्रूप वाटलं. तिचंही नाव नदीचं आहे.

जुना पुणेकर

धागा माहितीपूर्ण आहे हे मान्य. पण मनातलं स्पष्ट लिहितो. किपलिंग हा साम्राज्याचा भाट. हिंदुस्थानी माणसाला राज्य करता येईल असं त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही. त्याच्या आजोबांच्या बिऱ्हाडाचं आपण कौतुक का करायचं? त्याच काळात आपल्याकडे सावित्रीबाई शेणाचे गोळे झेलत शाळेत जात होत्या. त्यांच्यावर दोन वर्षं वाचायला हवं.

निवांत दुपार

काका, सावित्रीबाईंवर मी तीस वर्षं शाळेत बोलले आहे आणि अजूनही बोलते. एकीचं वाचलं म्हणून दुसरीचं राहतं असं नाही. आणि मी कौतुक किपलिंगच्या मतांचं करत नाहीये. मला त्या घराचं नवल आहे, कारण त्या एकाच घरातून अगदी उलट मतांची माणसं निघाली.

तुम्ही विषय काढलात म्हणून सांगते. बाल्डविन १९२९ मध्ये विरोधी पक्षात होता. व्हाइसरॉय आयर्विनने हिंदुस्थानला वसाहतीचं स्वराज्य देण्याची भाषा केली, तेव्हा बाल्डविनने स्वतःच्या पक्षातल्या लोकांचा रोष पत्करून त्याला पाठिंबा दिला. १९३५ चा हिंदुस्थान सरकार कायदा मंजूर झाला तेव्हा पंतप्रधान तोच. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं ते त्याच कायद्याखालच्या निवडणुकीतून. किपलिंगला हे सगळं अजिबात रुचत नव्हतं. तरी जानेवारी १९३६ मध्ये तो गेला, तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्या अस्थिकलशाबरोबर चालणाऱ्यांत बाल्डविन होता. मावसभावंडं ती, रागावली तरी तुटली नाहीत.

आणि बाल्डविनचं स्टॅन्ली हे नावही एका पाळकाचं. त्याच्या वडिलांचे आजोबा जेकब स्टॅन्ली, तेही वेस्लियन उपदेशक.

समईची वात

ताई, तुमचा धागा वाचून डोळे भरून आले, कारण हे माझ्याच घरचं आहे. माझे आजोबा मराठी मेथडिस्ट पाळक. आमच्या मंडळीत अजूनही तीच पद्धत आहे. वार्षिक कॉन्फरन्सच्या शेवटच्या दिवशी नेमणुका वाचल्या जातात. आजी सांगायची, त्या दिवशी ती चूल पेटवायची पण स्वयंपाकात लक्ष नसायचं. आजोबा परत आले की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळायचं की राहायचं की निघायचं. विचारायची नाही. नुसती माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायची.

त्या ट्रंकेच्या झाकणावर आतल्या बाजूला आजीने खडूने गावांची नावं लिहिली होती. एक गाव सुटलं की त्याखाली रेघ. शेवटच्या नावाखाली रेघ नाही, कारण तिथून आजोबा निवृत्त झाले. ट्रंक माझ्याकडे आहे. त्यात आता गोधड्या असतात.

पाळकीणबाईचं दुःख कुणी विचारत नाही. सगळ्या बायांचं तिने ऐकायचं, तिचं ऐकायला त्या गावात तीन वर्षांत कोण जवळचं होणार? हॅना मॅक्डोनल्ड आजच कळली, पण ती मला माझ्या आजीसारखीच दिसते.

निवांत दुपार

समईची वात, तुमच्या आजीच्या ट्रंकेचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हॅनाच्या मुलींनाही आई अशीच आठवत असावी. जॉर्ज बोलका, पुस्तकवेडा, व्यासपीठावर खुलणारा. कामासाठी सतत बाहेर. घर हॅनाच्या अंगावर. मंडळीच्या नजरेसमोर कायम राहायचं हे तिच्या स्वभावाला जड जायचं असं वाचलंय.

मुंबईत कोणती मेथडिस्ट मंडळी होती हे कुणी सांगेल का?

समईची वात

किपलिंग कुटुंब मुंबईत असतानाच ती उभी राहिली. १८७१ च्या अखेरीला विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट मुंबईत आला आणि त्याच्या सभांतून इथली मंडळी जमली. त्याला येऊन मिळाला जॉर्ज बोवेन. हा १८४८ पासून मुंबईतच, अगदी गरिबांसारखा राहणारा. मिशनकडून पगार घेणंही त्याने सोडलं होतं. कुलाब्याला गेटवेजवळ त्याच्या नावाचं बोवेन मेमोरियल चर्च आहे. आमच्या घरात त्याचं नाव फार आदराने घेतात.

पण एक लक्षात घ्या, टेलर आणि बोवेन अमेरिकन शाखेचे. मॅक्डोनल्ड कुटुंब इंग्लंडमधल्या वेस्लियन शाखेचं. मूळ एक, फांद्या दोन.

काळी मैना

एक शंका. ॲलिस इतकी पाळकाची मुलगी, मग मुंबईत ती या मंडळीत जात होती का? मी कुठेतरी वाचलं होतं की तिने वेस्लीचे केस जाळले. खरं का हे?

निवांत दुपार

हो, घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट आहे ती. घरात एका पाकिटात वेस्लीच्या केसांची बट जपून ठेवलेली होती. आजोबा जेम्स त्याच्या काळातले, म्हणजे हे केवढं मोलाचं! एकदा सामान आवरताना ते पाकीट ॲलिसच्या हाती लागलं आणि तिने ती बट सरळ शेकोटीत टाकली. वर म्हणाली, आपल्याला चावलेल्या कुत्र्याचा हा केस. इंग्रजांत जुनी समजूत, कुत्रं चावलं की त्याचाच केस जखमेवर लावायचा.

मला या प्रसंगात बंडापेक्षा दमणूक दिसते. जन्मभर आवराआवर करणाऱ्या घरातली मुलगी, पुन्हा एकदा आवरतेय. किती म्हणून जपायचं? मुलींनी चॅपलची, म्हणजे मेथडिस्ट प्रार्थनामंदिराची, वाट सोडली हे खरंच. जॉर्जियानाचं लग्न १८६० मध्ये मँचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये झालं, ॲग्नेस आणि लुइसाची लग्नं एकाच दिवशी, ९ ऑगस्ट १८६६ ला, वुल्व्हरहॅम्प्टनच्या सेंट पीटर्समध्ये. सगळी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची देवळं. वडिलांनी आडकाठी केल्याचं वाचलं नाही. या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो यामुळे. १८५६ मध्ये जॉर्जियाना पंधरा वर्षांची होती आणि एक विद्यार्थी, बर्मिंगहॅमच्या फ्रेम बनवणाऱ्याचा मुलगा, चित्रकार व्हायचंय म्हणून सगळं सोडून बसलेला, तिचा हात मागायला आला. पाळकबुवा हो म्हणाले. चार वर्षांनी लग्न झालं. आपल्यातले किती बाप आज हो म्हणतील?

घाटमाथा

तो मुलगा घरात आला कसा, ते सांगायला हवं. बर्मिंगहॅमला बर्न-जोन्स हॅरीच्या शाळेत, किंग एडवर्ड्समध्ये, शिकत होता. मॅक्डोनल्ड तेव्हा तिथे नेमणुकीवर. म्हणजे ती एक बदली दुसऱ्या शहरात झाली असती तर जॉर्जियाना त्याला भेटली नसती. आणि तीच गोष्ट फ्रेडरिकच्या बर्स्लेमची. मेथडिस्ट कॉन्फरन्सच्या कागदावरच्या दोन ओळींनी दोन बहिणींची लग्नं जुळवली.

हॅरीचं मात्र वाईट वाटतं. न्यू यॉर्कला तो आजारी पडला म्हणून १८९१ मध्ये फ्रेडरिक आणि भाचा रुडयार्ड बोटीने निघाले. बोट समुद्रात असतानाच तो गेला.

काळी मैना

आणि रुडयार्ड आजोबांना भेटला होता का?

निवांत दुपार

भेटला, एकदाच. ॲलिसचं पहिलं बाळंतपण मुंबईत फार अवघड गेलं होतं, म्हणून दुसऱ्या वेळी १८६८ मध्ये ती माहेरी गेली. माहेर म्हणजे तरी काय, बहिणींची घरं. मुलगी झाली ती लंडनमध्ये, जॉर्जियानाच्या घरी. दोन वर्षांचा रुडयार्ड तोवर आजोळी ठेवला होता. मुंबईत आयांच्या आणि नोकरांच्या कौतुकात वाढलेलं पोर ते. बेवडली गावच्या रस्त्यावरून ओरडत चालायचा, बाजूला व्हा, रागावलेला रडी (रुडयार्डचं घरचं नाव) येतोय! आजोबा त्या वेळी अंथरुणाला खिळलेले. मावश्यांना त्याचा आरडाओरडा सोसेना. नोव्हेंबरमध्ये जॉर्ज मॅक्डोनल्ड वारले.

त्यानंतर रुडयार्ड परत मुंबईला आला. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलंय ते मला फार जवळचं वाटतं, कारण ते माझ्या रोजच्या वाटेवरचं आहे. पहाटे आयाबरोबर फळबाजारात जायचं. धाकटी बहीण बाबागाडीत. येताना गाडीच्या पुढच्या भागावर फळांची रास. आया पोर्तुगीज रोमन कॅथलिक, म्हणजे गोव्याकडची असणार. वाटेतल्या क्रुसापाशी ती थांबून प्रार्थना करायची आणि हा शेजारी उभा. मिता नावाचा हिंदू नोकर त्याला देवळात न्यायचा. संध्याकाळी माहीमच्या माडांच्या सावलीत समुद्राकाठी फिरणं. आणि जेवणघरात आईबापांकडे पाठवताना नोकर बजावायचे, आता इंग्रजीत बोलायचं हं. दोन मेथडिस्ट पाळकांचा नातू हा!

जुना पुणेकर

आया आणि मिता यांचं वाचून बरं वाटलं. त्यांची नावगावं कुणी जपली नाहीत, हा माझा मुद्दा तसाच उभा आहे. मगाशी तुम्ही उलट मतांबद्दल म्हणालात, त्याचं आणखी उदाहरण आहे का? की बाल्डविन एकटाच?

समईची वात

काका, मी सांगते, कारण हे वाचून मी चकित झाले होते. जॉर्जियाना म्हातारपणी रॉटिंगडीन गावात राहायची. पार्लमेंटची दारं बायकांना बंद होती त्या काळात, १८९४ मध्ये, ती तिथल्या ग्रामपरिषदेवर निवडून आली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावरून सगळं इंग्लंड विजयाच्या नशेत असताना या बाईने आपल्या घराबाहेर फलक लटकवला : आम्ही जीव घेतला आणि वर मालकीही बळकावली. गावचे लोक चिडून दारात जमले. त्यांना शांत करायला तिथे राहणारा भाचा रुडयार्ड धावून आला, ज्याची स्वतःची मतं नेमकी उलटी होती.

आता हे शब्द कुठले? आमच्याकडे रविवारच्या शाळेतलं पोरही ओळखेल. बायबलातलं ‘पहिले राजे’ हे पुस्तक, एकविसावा अध्याय, नाबोथाचा द्राक्षमळा. राजाने गरिबाचा मळा लाटण्यासाठी त्याचा बळी जाऊ दिला आणि एलीया संदेष्टा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला : जीव घेतलास आणि वर मालकीही बळकावलीस का? संदेष्ट्याचा प्रश्न बाईने स्वतःच्या देशाच्या तोंडी कबुली म्हणून घातला. चॅपल सुटून चाळीस वर्षं झाली होती, पण बापाच्या घरात पाठ झालेला अध्याय तिला नेमक्या वेळी आठवला. माझे आजोबा या अध्यायावर बोलायचे तेव्हा आवाज चढवत नसत. पुस्तक मिटून नुसते उभे राहत.

जुना पुणेकर

हे ठाऊक नव्हतं. त्या बाईला नमस्कार. नाबोथाची गोष्ट आज रात्री वाचतो, घरी जुनं मराठी पवित्र शास्त्र आहे, वडिलांनी जुन्या बाजारातून आणलेलं.

टेम्सकाठी

जॉर्जियानाबद्दल आणखी एक. तिला लाकडावर कोरून चित्रं छापायचं काम शिकायचं होतं, सुरुवातही केली होती. १८६१ मध्ये मुलगा झाला आणि हत्यारं बाजूला पडली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने त्याचं चरित्र लिहिलं, १९०४ मध्ये दोन खंडांत आलं. आजही बर्न-जोन्सवर काम करणाऱ्याला तिच्या पुस्तकाशिवाय पुढे जाता येत नाही. मॅक्डोनल्ड पाळकांच्या घराचं पहिलं चांगलं वर्णनही त्यातच सापडतं.

काळी मैना

ताई, शेवटचं विचारते. हॅनाचं पुढे काय झालं? स्वतःचं घर मिळालं का तिला?

निवांत दुपार

नवरा गेल्यावर ती आणि ईडिथ लुइसाच्या आधाराने बेवडलीला राहिल्या. तिथे कुणी बदली करणार नव्हतं. म्हणजे सात वर्षं ती एका गावात राहिली, लग्नानंतर पहिल्यांदाच. नातू स्टॅन्ली तिच्या डोळ्यांसमोर वाढला. मुंबईची नातवंडं १८७१ मध्ये इंग्लंडात आणली गेली, पण आईबापांनी त्यांना आजोळी न ठेवता साउथसीला परक्या घरात पैसे देऊन ठेवलं. त्या घरात रुडयार्डचे फार हाल झाले. आजी आणि मावश्या असताना असं का केलं, यावर मी खूप विचार केला. १८६८ चा तो आरडाओरडा बहिणींच्या मनात राहिला असावा, असं मला वाटतं. हा माझा अंदाज.

हॅना १८७५ मध्ये वारली. त्याच वर्षी लॉकवुडला लाहोरच्या नव्या कलाशाळेत आणि संग्रहालयात नेमणूक मिळाली, आणि इकडे कलाशाळेच्या आवारातल्या घरात ॲलिस सामान बांधायला बसली.